चौथं कडवं

आमच्या बँडविषयी कुणीही लिहायला घेतलं की पहिल्याच परिच्छेदात आमचा दुसरा अल्बम येतो. त्या अल्बमनं मराठी पॉपला नवं वळण दिलं, असं लिहायची पद्धत आहे. त्या वळणावर आम्ही स्वतः जे घसरलो ते अजून रस्त्यावर आलेलो नाही, हे कुणी लिहीत नाही. पहिला अल्बम आमच्या नातेवाइकांनी ऐकला, तोही आमच्यासमोर, माना डोलावत. तिसरा अख्खा ऐकलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. चौथ्याच्या वेळी आम्ही त्या दुसऱ्या अल्बमचीच नक्कल करायला गेलो आणि आमची नक्कल आम्हालाच जमली नाही. आता कार्यक्रमांना जी गर्दी येते ती दुसऱ्या अल्बममधल्या एका गाण्यासाठी येते. ते आम्ही शेवटी ठेवतो, कारण आधी घेतलं तर अर्धं मैदान गाड्या काढायला पळतं.

ते गाणं माझ्या वडिलांनी लिहिलेलं आहे. चालही त्यांचीच. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे, आणि त्याबद्दल कुणी माझी पाठ थोपटू नये.

बाबा भंडाऱ्याकडचे. लग्नाआधीच हडपसरला एका कारखान्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले. तेव्हा हडपसरला सोसायट्या कमी आणि भाजीचे मळे जास्त होते. कारखान्यातल्या सहा-सात जणांनी मिळून गायन पार्टी काढली होती. एक पेटी, एक ढोलकी, खंजिरी आणि मागं कोरसला दोघं. जयंतीच्या दिवसांत पार्टीला श्वास घ्यायला फुरसत नसे; आज या वस्तीत, उद्या त्या विहारासमोर. मी लहानपणी पेटीच्या बाजूला बसून ऐकायची. पेटीची पांढरी-काळी पट्टी मला कळली ती तिथंच, पुढं कुठल्याही क्लासला नाही.

या गाण्यांची एक रीत आहे. शेवटच्या कडव्यात लिहिणारा स्वतःचं नाव गुंफतो. गाणं ना पुस्तकात छापलेलं असायचं, ना त्याची कधी कॅसेट निघालेली असायची. ते एका पार्टीकडून दुसऱ्या पार्टीकडे तोंडी जायचं, आणि लिहिणाऱ्याचं नाव टिकायला तेवढी एकच जागा असायची. दुसऱ्याचं गाणं घेणारी पार्टी चाल बदलेल, एखादा शब्द बदलेल, पण ते नाव गाळणार नाही. गाळलं तर तिला चोरच म्हणत. बाबांच्या त्या गाण्याला चार कडवी आहेत आणि चौथ्यात त्यांचं नाव आहे. ते मी इथं लिहीत नाही. जिथं लिहायला हवं होतं तिथं मी लिहिलं नाही, आता इथं लिहून मोठेपणा मिरवायचा हक्क मला उरलेला नाही.

गाणं माझ्या आजीवर आहे. गावात काही घरांवरून जाताना तिच्या पिढीतल्या बायकांना पायातली चप्पल काढून हातात घ्यावी लागे. पुढं तो काळ सरला. बाबांनी नोकरी लागल्यावर पुण्याहून तिच्यासाठी चप्पल नेली. ती हौसेनं घालायची, पण त्या घरांपाशी आली की वाकून काढायची आणि हातात धरायची. तोवर काढायला सांगणारं कुणी उरलं नव्हतं. बाबा तिच्याबरोबर चालताना चिडायचे, हात धरायचे, पण तिचे पाय काही ऐकायचे नाहीत. मग त्यांनी गाणं लिहिलं. ‘चप्पल घालून चाल गं माये, चप्पल घालून चाल.’ पहिल्या कडव्यात रस्ता, दुसऱ्यात विहीर, तिसऱ्यात शहर, चौथ्यात ते स्वतः, मायेच्या पुढं चालणारा तिचा लेक.

माझ्याबद्दल सांगायचं तर शाळेत बाईंनी माझं ‘पानी’ चारचौघांत ‘पाणी’ करून घेतलं. त्या दिवसापासून मी बोलण्यावर इतकी मेहनत घेतली की आज माझा ‘ण’ पेठेत जन्मलेल्यांपेक्षा खणखणीत आहे. आमच्या बँडचा गायक पेठेतला; कॉलेजात पहिल्याच महिन्यात तो मला म्हणाला, “तू अजिबात तिकडची वाटत नाहीस.” मी त्याला थँक्यू म्हणाले. अजूनही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुण्यात कुणी कुणाला थेट काही विचारत नाही. ‘आपण मूळचे कुठले?’ एवढंच विचारतात. मी भंडारा म्हणायची. ‘अच्छा, तलावांचा जिल्हा,’ असं म्हणून समोरचा क्षणभर थांबायचा आणि मनातल्या मनात माझं आडनाव उलटंसुलटं करून बघायचा. त्या एका क्षणाची मला इतकी धास्ती होती की वडील गातात हेसुद्धा मी बँडमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. गातात म्हटलं की कुठं गातात आलं, आणि कुठं आलं की सगळंच आलं. कारखान्यात होते, एवढंच मी सांगायची. आई मी कॉलेजात असतानाच गेली होती, त्यामुळे घरी या, जेवायला या, असलं बोलावणं करायची वेळही कधी आली नाही.

आम्ही चौघं. गायक, गिटारवाला, कात्रजचा ड्रमर आणि कीबोर्डवर मी. सराव कात्रजला ड्रमरच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत चालायचा. दुसऱ्या अल्बमची सात गाणी तयार होती आणि सातही भिकार होती. चांदणं, कॉफी, ती रुसली, तो भिजला. एका दुपारी पत्रा तापून खोलीत बसवत नव्हतं. गायक फोन बघत पडला होता. मी कीबोर्डची वायर सोडवत होते आणि माझ्या तोंडून ते गाणं निघालं. मी मुद्दाम गायले नाही. ड्रमरनं नुसत्या बोटांनी ठेका धरला, गायकानं फोन खाली ठेवला आणि विचारलं, “हे काय आहे?”

“आमच्याकडचं आहे. जुनं.”

“सगळं गा ना.”

मी तीन कडवी गायले. चौथं जिभेवर आलेलं मी गिळलं.

“पुढं?”

“पुढचं आठवत नाही.”

आठवत नाही! पाळण्यात असल्यापासून ऐकलेलं गाणं. पण त्यांना काय, तीन कडवी पुरेशी होती. गायकाला ‘माये’ जरा जड वाटलं, त्यानं ‘सखे’ केलं. मी त्यालाही मान हलवली. कोरस बसवला, मध्ये माझा कीबोर्डचा तुकडा घातला, आणि खोटं कशाला बोलू, गाणं झकास झालं. रेकॉर्डिंग ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता.

अल्बम अपलोड करायचं काम माझ्याकडे होतं, कारण नोकरी आयटीतली आणि फॉर्म भरण्यात मी पटाईत. प्रत्येक गाण्याला गायक, गीतकार, संगीतकार असे रकाने होते आणि ते रिकामे ठेवले तर गाडी पुढं सरकत नव्हती. सात गाण्यांचे रकाने पाच मिनिटांत झाले. आठव्याच्या रकान्यात मी बाबांचं नाव टाइप केलं. आडनावासकट. ते पडद्यावर काही वेळ तसंच होतं. मग मी ते खोडलं आणि दोन्ही रकान्यांत ‘पारंपरिक’ लिहिलं. शेजारी कुणी नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं. पुढं मी स्वतःला पुष्कळ कारणं सांगितली, पण खरं कारण लाज हेच होतं, आणि तीही ज्या माणसानं मला वर काढलं त्याची.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. गाणं महिनाभरात पोरापोरांच्या फोनवर गेलं. व्हिडिओत आम्ही चौघं बाइकवरून घाटात फिरतो आणि गायक एका गोऱ्या मुलीच्या पायात चप्पल घालतो. ट्रेकला जाणारे ग्रुप ते गाणं म्हणत चढायला लागले. एका चपलांच्या कंपनीनं ते जाहिरातीला घेतलं. दुसऱ्या कडव्यातली विहीर लोकांना फार रोमँटिक वाटली. त्या विहिरीवर आजीला पाणी कुणीतरी वरून ओतून द्यायचं, हे माहीत असणारी त्या अख्ख्या बँडमध्ये मी एकटी, आणि मी तोंडात मूग गिळून कीबोर्ड वाजवत होते. मुलाखतींत गाण्याचा उगम विचारायला लागले तेव्हा आमच्या गायकानं एक म्हातारी तयार केली. सह्याद्रीत भटकताना एका वाडीत ती त्याला भेटली म्हणे, आणि चुलीपुढं बसून तिनं हे गाणं म्हटलं. प्रत्येक मुलाखतीत म्हातारी थोडी थोडी सुधारत गेली. शेवटी शेवटी तिनं त्याला भाकरीही वाढली.

बाबांना मी गाणं पहिल्यांदा ऐकवलं ते अल्बम आला त्याच आठवड्यात. ते डोळे मिटून, मांडीवर बोटानं ठेका धरून ऐकत होते. ‘सखे’ आलं तसे डोळे उघडले. संपल्यावर म्हणाले, “गायलं चांगलं हाय पोट्ट्यानं. पण मायेचं सखे काहून केलं वं?”

“बाबा, आताच्या मुलांना ते जवळचं वाटतं.”

“हाव, असंल. आन् चौथं कडवं?”

“आता गाणी तीन मिनिटांची असतात. बसत नव्हतं.”

त्यांनी ते मान्य केलं. आयुष्यभर मशीनवर काम केलेला माणूस, मापात बसत नाही म्हटलं की वाद घालत नसे. फक्त उठता उठता विचारलं, “नाव तं लिवलं असंल ना कुठी?”

“लिहिलंय,” मी म्हणाले.

या एका शब्दावर बाबा दोन-तीन महिने इतके खुशीत होते की मला घरी जायला नको वाटायचं. पार्टीतल्या उरलेल्या दोघांना त्यांनी सांगितलं. चहाच्या टपरीवर सांगितलं. टपरीवरच्या कुणीतरी फोनवर शोधून दाखवलं, आणि तिथं बाबांनी स्वतः वाचलं. बाबांना वाचायला दुसरं कुणी लागत नाही. पेपर ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात.

मी रविवारी गेले तेव्हा ते ओट्यापाशी कांदा चिरत उभे होते. वळलेही नाहीत. म्हणाले, “मी पारंपरिक झालो म्हंते. मले वाटलं, मेल्यावर होतेत लोकं तसे.”

मी तिथल्या तिथं कबूल केलं. फॉर्म मीच भरला, मीच खोडलं, सगळं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कांदा चिरून संपवला, हात धुतले आणि विचारलं, “माह्यी लाज वाटते का तुले?” मी नाही म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? मग मी शब्द दिला की नाव लावून घेईन, दोन्ही रकान्यांत, आणि चौथ्या कडव्यासकट गाणं पुन्हा रेकॉर्ड करून घेईन. त्यांनी ताट वाढलं.

गायकाला मी मंडईजवळच्या एका हॉटेलात गाठलं. त्याला सगळं सांगितलं. पार्टी, जयंती, आजी, चौथं कडवं. त्यानं मधे एकदाही तोडलं नाही, हे कबूल करायला हवं. मग म्हणाला, “अगं पण सांगायचंस ना तेव्हाच! आम्ही काय तसले आहोत का?”

तसले नव्हतेच बहुतेक. ते मी कधी तपासूनच पाहिलं नाही. तो पुढं बोलत गेला. “आता बदललं तर कसं दिसेल, विचार कर. पेठेतल्या बँडनं शाहिराचं गाणं ढापलं. मी त्या म्हातारीचं सगळीकडे सांगून बसलोय. आणि फॉर्म कुणी भरला म्हणून शोधतील तेव्हा ढापणारी कोण निघेल? त्याचीच मुलगी. चालेल तुला?”

“मग काय करायचं?”

“तिसरा अल्बम येऊ दे. मग शांतपणे बघू.”

मला राग आला असं लिहायला मला आवडलं असतं. राग नंतर आला, बसमध्ये, आणि त्याचा कुणाला उपयोग नव्हता. त्या टेबलावर मला हायसं वाटलं होतं. तिसरा आला, पडला. मग चौथा येऊ दे झालं. बाबांनी पहिल्या वर्षी दोनदा विचारलं, दुसऱ्या वर्षी एकदा, मग विचारणं सोडून दिलं. गाण्याशिवाय आमच्या चौघांकडे विकायला दुसरं काही उरलं नाही, तसं गाणं हलवायची भाषाही बंद झाली. मी अजूनही बँडमध्ये आहे. शनिवार-रविवारी कीबोर्ड गाडीत टाकून जाते. का जाते याचं मला पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही.

यंदा जयंतीला आमच्या हडपसरच्या वस्तीनं माझा सत्कार ठेवला. मी नाही म्हटलं, तर समितीतली नवी मुलं घरी आली, बाबांसमोर बसली आणि म्हणाली, “ताई, वस्तीतून एवढं मोठं कुणी झालंय का आजवर?” बाबा म्हणाले, “येईल थे.” मग इलाजच नव्हता.

संध्याकाळी विहारासमोर मांडव भरला होता. शाल आणि एक पुस्तक असा सत्कार होता, आणि शाल बाबांच्या हस्ते होती. त्यांनी ती माझ्या खांद्यावर टाकली, नीट सारखी केली. तेवढ्यात निवेदन करणारा मुलगा माइकवर ओरडला, “आणि आता, मंडळी, ताईंचं ते फेमस गाणं, ताईंचे वडील आपल्यासाठी गाऊन दाखवणार!”

लोकांनी शिट्ट्या मारल्या. बाबांच्या चेहऱ्यावर मी काहीतरी शोधत होते, मला काही सापडलं नाही. त्यांनी माइक हातात घेतला. पार्टीतले जुने ढोलकीवाले काका पुढच्याच रांगेत होते. ते न बोलावता वर आले आणि ढोलकी घेऊन बसले. कित्येक वर्षांनी मी बाबांना उभं राहून गाताना ऐकत होते. आवाज खाली उतरला होता, पण हललेला नव्हता. ते ‘माये’ म्हणत होते आणि मांडवातली पोरं त्यांच्या आवाजावर ‘सखे’ म्हणत होती. पोरांचा आवाज मोठा होता. दुसऱ्या कडव्यापासून तर बाबांचे ओठ फक्त हलताना दिसत होते.

तिसरं कडवं संपलं आणि मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला, कारण गाणं तिथं संपतं हे आता सगळ्यांना पाठ आहे. ढोलकीवाले काका मात्र थांबले नाहीत. त्यांनी ठेका हलका केला आणि चौथ्यासाठी बाबांकडे बघत राहिले. बाबांनी श्वास घेतला. ते नाव त्यांच्या तोंडून निघालं असतं तर जुनी दोन-चार माणसं सोडून उरलेल्या अख्ख्या वस्तीलाही कळलं असतं की गाणं कुणाचं, आणि अंगावर शाल घेऊन उभी असलेली ही कोण. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुसरा माइक माझ्यापासून हातभरावर होता. चार शब्द पुरले असते: हे गाणं बाबांचं आहे. मी शाल धरून उभी राहिले.

बाबांनी वाकून ढोलकीवर हात ठेवला. ठेका बंद झाला. काकांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. बाबा माइकमध्ये म्हणाले, “बस. एवढंच हाय गानं.”

पुन्हा टाळ्या झाल्या, आणि त्या थांबेपर्यंत मीही वाजवत राहिले.